मधल्या खोलीची हवा

वालूर, ता. सेलू
सोमवार, १ डिसेंबर २०२५

चि. ईश्वरी,

अनेक आशीर्वाद. थर्माकोलच्या डब्यात नळी आणि बर्फाच्या पिशव्या ठेवून जेवढी जागा उरली तेवढेच पाठवतोय, बाकीचे आलीस की घेऊन जा.

पत्रास कारण की, मला एक गंभीर तक्रार नोंदवायची आहे. ऑक्टोबरात येऊन तू आमच्या गच्चीवर जे हवा ओढणारं यंत्र बसवून गेलीस, त्याच्या सूचनापत्रातलं सातवं कलम सांगतं की, यंत्रापासून पाच मीटरच्या आत कुणी बसू नये, धूर करू नये, अंथरुणं झटकू नयेत. आमची गच्ची सहा मीटरची. उरलेल्या एका मीटरवर पाण्याची टाकी आहे. गेली बावीस वर्षं थंडीच्या दिवसांत सकाळी साडेसात ते सव्वाआठ मी तिथे खुर्ची टाकून ऊन खात आलो. आता मी टाकीच्या सावलीत बसतो आणि तुझं यंत्र ऊन खातं. विज्ञानाच्या यज्ञात आहुती पडायला माझी हरकत नाही, पण यज्ञात यजमानाला निदान बसायला पाट तरी देतात.

चिठ्ठीवर तू फक्त हवामान आणि वीज किती तास गेली एवढंच लिहायला सांगितलं होतंस. ते असं: सकाळी धुकं, दुपारी ऊन, वारा नाही. वीज आठवड्यात एकूण अकरा तास गेली. झालं. पण अर्धा कागद कोरा सोडणं माझ्याच्याने होत नाही. आणि फोनवर बोलावं तर तुझी मामी स्पीकर लावून शेजारी बसते, मधूनमधून उत्तरंही तीच देते. डब्यातला कागद मात्र ती उघडत नाही. 'सरकारी कामाला हात लावू नये' हे तिचं तत्त्व, आणि बर्फात ठेवलेलं सगळं सरकारी असतं हा तिचा समज.

यंत्राबद्दल गावात कुतूहल आहे. परवा पार्वतीबाई भांडी घासता घासता म्हणाली, "सर, ह्ये मशीन हवा वढून कुठं न्यायलंय?"

"पुण्याला."

"का? तिकडची सरली का?"

मी तिला समजावलं की हवेत बुरशीचं बी उडत असतं, डोळ्यांना न दिसणारं. यंत्र ते नळीत धरतं. पुण्याला आमची भाची त्या धुळीतली जनुकं वाचते आणि कोणती बुरशी गावावरून गेली ते सांगते. गव्हावर तांबेरा दिसायच्या आधीच त्याचं बी हवेत सापडलं, तर शेतकऱ्याला वेळेवर सांगता येईल. पार्वतीबाईने ताट उपडं घातलं आणि म्हणाली, "म्हंजे न दिसणाऱ्याची जात काढायलाय तुमी." याहून सुबोध व्याख्या मला सुचली नाही. मला स्वतःला त्र्यंबकेश्वरचे पंडे आठवतात. आपल्याला कधी पाहिलेलं नसतं, पण गावाचं नाव सांगितलं की वही काढून पणजोबांपर्यंत नावं वाचतात. तुझी वही त्यांच्याहून मोठी असावी. गेल्या वेळी तू पाठवलेल्या यादीत एकशे बारा नावं होती, सगळी लॅटिन. मी ती मोठ्याने वाचून दाखवली, तर मामी म्हणाली, "शाप देताय का कुणाला?"

मामी ठीक आहे. खोकला आहे थोडा, दिवाळीपासूनचा. धूळ म्हणते. कापूस यंदा आपल्या मधल्या खोलीत भरलाय, खिडकीच्या वरपर्यंत. बटईदार दत्ताकडे छपराखाली जागा नव्हती. आणि वालूरात घरात कापूस नाही असं घर दाखव. भाव येईपर्यंत तो घरचा पाहुणा. खोलीला छान ऊब असते, म्हणून मामी तिथेच पलंग लावून झोपते.

सहज विचारतो: हे यंत्र घराच्या आत चालतं का? म्हणजे, छताखाली ठेवलं तर बिघडत वगैरे नाही ना? शास्त्रीय जिज्ञासा, दुसरं काही नाही.

तुझा,
उन्हातून हद्दपार झालेला
अनंतमामा


वालूर
सोमवार, २२ डिसेंबर २०२५

चि. ईश्वरी,

आशीर्वाद. धुकं नाही, थंडी बरीच. वीज सहा तास गेली.

तुझे तीन निरोप पोचले. 'मामा, यंत्राजवळ काही बदल झालाय का?' हा पहिला. 'जवळ कडबा, भुसा, धान्य काही ठेवलंय का?' हा दुसरा. तिसऱ्यात नुसतं 'मामा??' एवढंच होतं. दोन प्रश्नचिन्हांची मला धास्ती वाटते. विद्यार्थ्यांच्या वहीत मी स्वतः ती फार क्रूरपणे वापरली आहेत. तरी मी तुला 'गच्चीवर कडबा नाही' असं कळवलं. वाक्य सत्य होतं. न्यायशास्त्र शिकलेल्या माणसाला असली सत्यं जमतात.

मग शुक्रवारी तुमच्या लोकांचा संदेश गावच्या ग्रुपवर आला: वालूर परिसरात हवेतील बुरशीचं प्रमाण अचानक अनेक पटींनी वाढलं आहे, शेतकऱ्यांनी पिकांची पाहणी करावी. शनिवारी सकाळी सात वाजता दारात भुजंग उभा. हा ओढ्याकाठचा गहूवाला, माझाच विद्यार्थी, संस्कृतात दोनदा नापास. हातात गव्हाची चारपाच पानं.

"सर, तुमच्या मशीननं आमच्या गव्हावर लय मोठा आळ घेतलाय."

"काय झालं?"

"झालं काहीच न्हाई, त्येच तर. काल संध्याकाळपसून चार एकर फिरलो बॅटरी घेऊन. ह्ये बघा पान. हिरवंगार. बुरशी हाय कुठं?"

मी चष्मा लावून पान बघितलं. उलटं करून बघितलं. भुजंग माझ्या तोंडाकडे बघत होता.

"बायको म्हणायली फवारून टाका. पंप भरून ठेवलाय. फवारू का?"

"फवारू नको," मी म्हणालो.

"नक्की?"

"नक्की."

"तुमाला कसं ठाऊक?"

आत मामीला खोकल्याची उबळ आली. चांगली लांबली. भुजंगने आत मान वळवली आणि म्हणाला, "काकूला दवाखान्यात दाखवा की सर. आमच्या गव्हापेक्षा त्यांचंच पान पिवळं दिसायलंय."



आता सांगतो. एक डिसेंबरला तुला नळी पाठवली, त्याच संध्याकाळी यंत्र गच्चीवरून खाली आणलं आणि मधल्या खोलीत ठेवलं, मामीच्या पलंगाच्या पायथ्याशी. आठ तारखेची आणि पंधरा तारखेची अशा दोन्ही नळ्या तिथल्या आहेत. आज पाठवतोय तीही. तिच्यावर मी तसं लिहिलं आहे. आधीच्या दोन्हींवर 'गच्ची' लिहिलं होतं. माझ्याच अक्षरात.

मामीला सांगितलं की थंडीत यंत्र गारठतं, ईश्वरीने आत ठेवायला सांगितलंय. तिला ते पटलं. रात्री तिने त्याला माझा जुना मफलर गुंडाळला होता. हवा ओढायचं तोंड मी हळूच मोकळं केलं.

का आणलं, ते तुझ्या लक्षात आलंच असेल. पर्वतावर धूर दिसला तर तिथे अग्नी आहे असं अनुमान करावं, हे मी तीस वर्षं पोरांना शिकवतोय. इथे धूर म्हणजे खोकला. अग्नी कुठे आहे ते मला बघायचं होतं आणि ती कुणाला बघू देत नव्हती. डॉक्टरचं नाव काढलं की म्हणते, "अहो, धूळ आहे. झाडलं की जाईल." मग झाडते, आणि आणखी खोकते. मला वाटलं, बाई दाखवत नाही तर निदान ती श्वासात काय घेते ते तरी दाखवता येईल. तू न दिसणाऱ्याची जात काढतेस. मग इथलीही काढ.

कापूस ओला होता, ईश्वरी. परतीच्या पावसात सापडलेला. दत्ता मला म्हणाला होता, "सर, दोन दिस ऊन लागू द्या. वला माल आत कोंडला की गरम व्हतो बरं का." मी आभाळाकडे बोट दाखवलं आणि म्हणालो, "पाऊस आला तर? भर आत." तो गप भरत गेला. मी तुला जी 'छान ऊब' लिहिली होती ना, ती ही. ढिगात कोपरापर्यंत हात घातला तर आत अजून वाफ लागते, आणि वास येतो, जुन्या पुस्तकांचा. मला तो वास उगाच आवडायचा.

तुमच्या साहेबांना काय सांगायचं ते सांग. दोष माझ्या नावावर टाक, पद हवं असल्यास 'माध्यमिक शिक्षक, संस्कृत' लिही. यंत्र आज पुन्हा गच्चीवर नेलं आहे. भुजंगला मी स्वतः जाऊन सांगणार आहे.

फक्त एवढं कळव: त्या नळ्यांत काय निघालं?

तुझा,
अनंतमामा


वालूर
सोमवार, १२ जानेवारी २०२६

चि. ईश्वरी,

आशीर्वाद. ऊन. वीज गेली नाही.

तुझं पत्र पोचलं. तू पहिल्यांदाच मला कागदावर पत्र लिहिलंस, आणि तेही रागाचं. पहिल्या पानभर रागावली आहेस ते योग्य आहे. दुसऱ्या पानावर मात्र राग विसरून शिकवायला लागलीस. चांगल्या शिक्षकाचं हे लक्षण.

तू लिहितेस, अ‍ॅस्परजिलस नावाची बुरशी निघाली, गच्चीपेक्षा कितीतरी पट. ही ओल्या कापसात, भुशात, धान्यात वाढतेच. आपण सगळे तिचं बी रोज श्वासात घेतो आणि धडधाकट माणसाला बहुधा काही होत नाही. यंत्र हवेत काय आहे ते सांगतं, माणसाच्या छातीत काय आहे ते सांगत नाही. त्यासाठी डॉक्टरच पाहिजे. आणि मग खाली, वेगळ्या ओळीत: 'मामा, मामीला पूर्वी कधी फुप्फुसाचा काही आजार झाला होता का? खरं सांग.'

भुजंगला सांगून आलो. तो हसला नाही. "मंग कापूस काढला का?" एवढंच विचारलं. काढला. दत्ता ट्रॅक्टर घेऊन आला, तोंडाला फडकं बांधून सगळा उपसला. "म्या म्हणलं व्हतं," असं तो एकदाही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. पार्वतीबाईने खोली दोनदा धुतली. मामीला मी तीन दिवस सविताकडे, तुझ्या आईकडे, नांदेडला धाडलं होतं, हे तुला आईकडून कळलंच असेल. ती तिथेही खोकली हेही कळलं असेल.

नांदेडहून परत आल्यावर तिला सेलूला डॉक्टरांकडे नेलं. कशी तयार झाली ते लिहीत बसत नाही. थोडक्यात, मी दोन वेळ जेवलो नाही. डॉक्टर भला माणूस आहे. छाती तपासली, पाठीवर बोटं वाजवून बघितली. मग लिहिता लिहिता वर न बघता विचारलं, "आधी कधी छातीचा काही त्रास? टीबी वगैरे?"

मामी समोरच्या कॅलेंडरकडे बघायला लागली.

"नाही," मी म्हणालो.

"घरात कुणाला?"

"नाही."

"मग आधी औषध घेऊन बघू. पंधरा दिवसांत उतरलं नाही तर छातीचा फोटो काढू."

बाहेर पडून आम्ही बसस्टँडवर आलो. तिथे ती म्हणाली, "किती पटकन बोललात." एवढंच. आणि वालूरच्या गाडीत चढली.

तू लिहिलंस खरं सांग. सांगतो.

१९९५ साली, लग्नाला वर्ष झालं होतं, तेव्हा तुझ्या मामीला क्षय झाला होता. परभणीत निदान झालं. मी तिला जिंतूरला माहेरी ठेवलं आणि गावात, घरात, आईला, सगळ्यांना सांगितलं की तिच्या आईचा पाय मोडलाय, करायला कुणी नाही. सासूबाई ठणठणीत होत्या. आठ महिने मी दर पंधरा दिवसांनी परभणीहून गोळ्या घ्यायचो, वह्यांच्या पिशवीत घालायचो आणि एसटीने जिंतूरला पोचवायचो. पिशवीत वर निबंधाच्या वह्या, खाली गोळ्या. आठ महिने तिने एकही गोळी चुकवली नाही. बरी झाली. शेवटी डॉक्टरांनी फोटो उजेडासमोर धरून दाखवला. उजव्या बाजूला, वर, गोल डाग होता. म्हणाले, आजार गेला, पण इथे पोकळी राहील.

त्याच वर्षी तुझ्या आईचं लग्न ठरत होतं. घरात क्षय आहे हे कळलं असतं तर तुझ्या आजोबांनी, म्हणजे तुझ्या बाबांच्या वडिलांनी, सुपारी परत केली असती. हे तुला दोष म्हणून लिहीत नाही. त्या वेळी मी हिशेबी माणूस होतो आणि हिशेब बरोबर निघाला. तुझी आई सुखात आहे, तू आहेस. सविताला हे आजही ठाऊक नाही. आता तू सांगितलंस तरी चालेल.

मामीला मी तेव्हा देव्हाऱ्यासमोर शपथ घातली होती: कुणालाही, कधीही सांगायचं नाही. ती म्हणाली होती, "डॉक्टरलाही नाही?" मी चिडून म्हणालो होतो, "कुणाला म्हणजे कुणालाच नाही." तिने ते पाळलं. तिच्या हर्नियाच्या ऑपरेशनच्या वेळी सुद्धा सांगितलं नाही. माझा शब्द इतका पाळणारं दुसरं कुणी मी पाहिलं नाही. वर्गात तर नाहीच.

मला वाटत होतं ती हट्टी आहे, म्हणून दवाखान्यात जात नाही. ती डॉक्टरांना भीत नव्हती. तिथे गेलं की तो प्रश्न येणार, आणि आला की माझ्यासमोर खोटं बोलावं लागणार, म्हणून जात नव्हती. आणि मी तिच्या वतीने, तिने तोंड उघडायच्या आत, बोलून मोकळा झालो. तीस वर्षांनी सुद्धा ते 'नाही' माझ्या तोंडात तयार होतं.

औषधाने काही उतरलं नाही. शुक्रवारी सकाळी ती तोंड धुवायला गेली आणि नळ बराच वेळ चालू राहिला. मी आत गेलो. बेसिन स्वच्छ होतं, पण पदराच्या टोकाला लाल होतं. मी विचारलं, तर म्हणाली, "दात. हिरडी दुखायली." मग माझ्याकडे बघून खाली बसली आणि म्हणाली, "अहो, संक्रांत होऊ द्या. मग जाऊ."

संक्रांत होऊ देणार नाही. उद्या पहाटेच्या गाडीने परभणीला छातीच्या डॉक्टरांकडे जातोय. दत्ताने सेलूपर्यंत सोडायचं कबूल केलं आहे. काल रात्री जेवताना मी तिला म्हणालो, परभणीला ते विचारतील तेव्हा मी सांगणार आहे, सगळं, १९९५ पासून. ती भात कालवत राहिली. मग म्हणाली, "शपथ कोण सोडवणार?" मी म्हणालो, मीच घातली, मीच सोडवतो. "अशी सुटते का?" म्हणाली.

कागद पोचेपर्यंत उशीर होईल, म्हणून या पानांचे फोटो काढून तुला आत्ताच फोनवर पाठवतोय. तू एक कर. त्या तीन नळ्यांत काय निघालं ते तुमच्या कागदावर, साध्या भाषेत, नावानिशी लिहून आजच माझ्या फोनवर पाठव. मला ते डॉक्टरांपुढे ठेवायचं आहे. ती कुठे झोपत होती, किती दिवस, कापूस कोणी आत घ्यायला लावला, हे मी तोंडाने सांगेन. आणि शक्य असलं तर ये. ती तुझ्यासमोर लवकर हो म्हणते.

फुप्फुसातल्या जुन्या पोकळीत बुरशीचा गोळा धरतो कधीकधी, असं तू तुझ्या पत्राच्या शेवटी लिहिलं होतंस आणि मग खोडलं होतंस. खोडलेलं वाचायची मला सवय आहे, वह्या तपासून तपासून. त्यावर औषधं आहेत, शस्त्रक्रिया आहे, असंही खाली होतं. ते खोडलं नव्हतंस. ते मी चार वेळा वाचलं.

ईश्वरी, मी तिला गप्प राहायला शिकवलं, आणि त्या गप्प राहण्यानेच ती मरेल, याची मला भीती वाटते. दुसऱ्या कशाचीही नाही.

तुझा मामा,
अनंत